मुरलेली सिरा: एर्मिताजच्या टेकडीवरची जुनी रेड वाइन

सह्यवाटा

फ्रान्समधील जुन्या रेड वाइनचा विषय निघाला की आपल्याकडे बहुधा बोर्डो आणि बर्गंडी ही दोनच नावे पुढे येतात, आणि चर्चा पाहता पाहता बाटलीच्या किमतीवर येऊन थांबते. या धाग्यात मला तिसऱ्याच एका जागेविषयी लिहायचे आहे. ऱ्होन नदीच्या डाव्या काठावर तँ-लेर्मिताज नावाचे छोटे गाव आहे आणि त्याच्या डोक्यावर एर्मिताजची टेकडी उभी आहे. या टेकडीवरच्या सिरा जातीच्या काळ्या द्राक्षांची वाइन वीस-तीस वर्षे मुरली की तिच्यातील फळाची चव हळूहळू मागे सरते आणि ज्या जमिनीत ती वेल वाढली त्या जमिनीचा ठसा पुढे येतो. जुनी वाइन पिण्यात मला जी गोडी वाटते ती एवढ्याचसाठी, आणि म्हणूनच बाटलीच्या आधी टेकडीची ओळख करून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

मी कामानिमित्त लियॉं येथे राहतो. तिथून आगगाडीने दक्षिणेकडे निघाले की तासाभरात डावीकडे ही टेकडी दिसू लागते, आणि तिच्या दगडी तालींवर मोठमोठ्या अक्षरांत रंगवलेली झाबुले, शापूतिए ही वाइन घराण्यांची नावे डब्यात बसल्या बसल्या वाचता येतात. संपूर्ण टेकडीवरील द्राक्षमळा जेमतेम १३५ हेक्टरांच्या आसपास भरतो. एवढे जगभर गाजलेले नाव आणि त्यामागे साडेतीनशे एकरांहूनही कमी जमीन, ही गोष्ट प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही. नदी येथे टेकडीला वळसा घालते, त्यामुळे उताराला दक्षिणेचे ऊन दिवसभर मिळते आणि उत्तरेकडून येणारा मिस्त्राल हा बोचरा वारा टेकडीच्या पाठीवरच अडतो. उतार इतका उभा आहे की पुष्कळ ठिकाणी यंत्र चालत नाही. प्रत्येक वेल लाकडी खुंटीला बांधलेली असते, आणि जोरदार पावसाने खाली वाहून आलेली माती माणसांना पुन्हा वर नेऊन टाकावी लागते.

टेकडी बाहेरून एकसंध दिसली तरी पोटातून ती तशी नाही. पश्चिमेकडचा भाग ग्रॅनाइटचा आहे. नदीपलीकडे तुर्नों गावाच्या मागे मासिफ सँत्राल या डोंगराळ पठाराचे जे प्राचीन खडक आहेत त्यांचाच हा तुकडा असून ऱ्होनने आपले पात्र कापताना तो अलीकडच्या काठावर तोडून ठेवला. या भागाला ले बेसार म्हणतात, आणि येथील द्राक्षांतून येणारी वाइन सर्वांत कणखर, तरुणपणी अगदी आखडलेली आणि सर्वाधिक काळ टिकणारी असते. त्याला लागून पूर्वेला ले मेआल आहे. तेथे नदीने आणून टाकलेले गोटे आणि चुनखडीयुक्त माती असल्याने वाइन अधिक भरदार आणि उबदार होते. पायथ्याशी असलेल्या ले ग्रेफ्योमधून मऊ, लवकर मोकळी होणारी वाइन मिळते. जुन्या पद्धतीने काम करणारी घराणी या निरनिराळ्या तुकड्यांच्या वाइन वेगवेगळ्या पिंपांत ठेवतात आणि शेवटी त्यांचा मेळ घालतात. १४८१ पासून द्राक्षशेतीत असलेले शाव घराणे यासाठीच ओळखले जाते. उलट शापूतिए घराणे ग्रॅनाइटच्या तुकड्यातली वाइन 'ल पाव्हियों' या नावाने स्वतंत्र बाटलीत भरते. माझा कल मेळाच्या बाजूने आहे, कारण सगळी टेकडी एका पेल्यात येते ती त्यातूनच.

(शापूतिएच्या बाटल्यांवरील लेबलांवर ब्रेल लिपी असते, ती हौस म्हणून नव्हे. फ्रेंचमधील संक्षिप्त ब्रेल सिद्ध करणारे मोरीस मोनिए द ला सिझेरान स्वतः अंध होते आणि त्यांच्या कुटुंबाची जमीन याच टेकडीवर होती. त्यांच्या नावाची वाइन आजही निघते.)

एर्मिताज म्हणजे एकांतवासाची कुटी. कथा अशी सांगतात की अल्बिजन्सी या ख्रिस्ती पंथाच्या लोकांविरुद्धच्या धर्मयुद्धात जखमी झालेला गास्पार द स्तेरिंबेर हा सरदार लढाईला विटला आणि १२२४ मध्ये राणी ब्लांश द कास्तीय हिच्या परवानगीने या टेकडीवर येऊन राहिला. माथ्यावर सेंट क्रिस्तोफच्या नावाचे एक छोटे चॅपेल आहे आणि झाबुले घराण्याने नावारूपाला आणलेल्या 'ला शापेल' या वाइनला त्याचेच नाव मिळालेले आहे. येथील रेड वाइनचे द्राक्ष म्हणजे सिरा. इराणमधील शिराझहून कुणी धर्मयोद्ध्याने वेल आणली असे फार काळ सांगितले जाई. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील डेव्हिस विद्यापीठ आणि फ्रान्समधील माँपेलिए येथील संशोधकांनी मिळून डीएनए तपासला, तेव्हा तिचे आईबाप जवळपासचेच निघाले: आर्देश भागातील द्युरेझा हे काळे द्राक्ष आणि साव्हुआ प्रांतातील मोंदोझ ब्लांश हे पांढरे द्राक्ष. सिरा त्याच परिसरात जन्मली आणि तिथेच तिला ही टेकडी लाभली, हे सत्य मला इराणच्या कथेपेक्षा अधिक सुंदर वाटते.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत या वाइनचा मान फार मोठा होता. १७८७ मध्ये थॉमस जेफरसन अमेरिकेचे फ्रान्समधील प्रतिनिधी असताना तँ गावी आले होते, मात्र त्यांचा जीव जडला तो येथील पांढऱ्या वाइनवर. रेड वाइनची गोष्ट निराळी आहे. बोर्डोचे व्यापारी ती पिंपांनी विकत घेत आणि आपल्या वाइनला रंग व अंग यावे म्हणून तिच्यात मिसळत. अशा मिश्रणाला तेव्हा उघडपणे 'एर्मिताजे' म्हणत आणि ते अधिक किमतीला विकले जाई. पुढे फायलोक्सेरा या किडीने मळे उजाडले, दोन महायुद्धांनी मजूर नेले, आणि उभ्या उतारावरची मेहनत परवडेनाशी झाली. १९३७ मध्ये कायद्याने या नावाला संरक्षण मिळाले, तरीही विसाव्या शतकाचा बराच काळ जगाचे लक्ष दुसरीकडेच होते. झाबुलेंच्या १९६१ च्या 'ला शापेल'ने ते पुन्हा वळवले. त्या शतकातील सर्वश्रेष्ठ वाइनची यादी कुणीही केली तरी ती बाटली बहुधा त्यात असतेच.

आता प्रत्यक्ष चवीविषयी. येथील एका जाणकार स्नेह्यांकडे १९९० सालची एर्मिताज उघडताना मी शेजारी बसलो होतो. एवढ्या वर्षांच्या बुचात साधा फिरकीचा स्क्रू घातला तर त्याचा भुगा होतो, म्हणून त्यांनी दोन पातळ पात्यांचे साधन बुचाच्या दोन्ही बाजूंनी हलके हलके आत सरकवले आणि पिळत पिळत बूच अखंड बाहेर काढले. बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवली होती, त्यामुळे गाळ तळाशी बसला होता. मानेखाली मेणबत्ती धरून त्यांनी एका धारेत वाइन काचेच्या सुरईत ओतली आणि मानेपाशी काळपट रेघ दिसताच हात थांबवला. तरुण सिरा जांभळी-काळी असते. ही मात्र मध्यभागी गडद माणकासारखी आणि कडेला विटकरी होती. पहिला वास बंद खोलीसारखा कोंदट होता. दहा-पंधरा मिनिटांनी तो निघून गेला आणि आधी चामड्याचा, मग ओल्या पाचोळ्याचा, मग धुरावर धरलेल्या मांसाचा असा एकेक वास वर येत गेला, आणि या सगळ्यांच्या मागे काळ्या मिरीची बारीक चुणूक शेवटपर्यंत टिकून होती. जिभेवर तुरटपणा उरला होता पण त्याला टोक नव्हते. घोट गिळल्यानंतर बराच वेळ तोंडात राहिली ती एक खनिज, किंचित खारट अशी जाणीव. ग्रॅनाइटची चव वाइनमध्ये थेट उतरते असे शास्त्र म्हणत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु पातळ, निचऱ्याच्या, दिवसा तापणाऱ्या जमिनीत खोल मुळे धरलेल्या वेलीच्या छोट्या मण्यांतूनच अशी घडण येते, एवढे निश्चित.

ज्यांनी अशी मुरलेली वाइन चाखली असेल किंवा ज्यांचा द्राक्षशेतीशी संबंध असेल त्यांनी जरूर लिहावे.

गोदातीर

धागा अतिशय आवडला. आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे, त्यातील काही एकरांवर आम्ही वाइनरीसाठी शिराझ लावलेली आहे, म्हणजे तुमचीच सिरा. त्यामुळे वाचताना मन सतत दोन्हीकडे धावत होते. तँ गाव ४५ अंश अक्षवृत्ताच्या जवळ आहे आणि नाशिक २० अंशांवर. तिथली वेल हिवाळ्यात आपोआप झोपी जाते, आमच्या वेलीला मात्र झोपच नाही. म्हणून आम्हाला एप्रिलमध्ये नव्या फुटीसाठी खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळासाठी गोडी छाटणी अशी वर्षातून दोनदा कात्री चालवावी लागते, आणि काढणी ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर येते. मण्यात साखर झपाट्याने भरते, आम्लता तितक्याच झपाट्याने उतरते, आणि बियांचा व सालीचा तुरटपणा पिकायला जेवढा निवांत वेळ हवा तेवढा मिळत नाही. आमच्या शिराझची वाइन ताजेपणी पिण्यात सुख आहे. तिने तीस वर्षे थांबावे ही अपेक्षा तिच्यावर लादणे बरोबर नाही, असे माझे मत आहे.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक म्हणजे तिथे उत्पादन किती घेतात? खाण्याच्या द्राक्षाचे एकरी दहा टन आमच्याकडे सर्रास निघतात आणि वाइनच्या बागेला आम्ही हात आखडता ठेवतो. दुसरे म्हणजे तिथली वेल स्वतःच्या मुळांवर आहे की खुंटावर, म्हणजे दुसऱ्या जातीच्या मुळांवर कलम केलेली?

सह्यवाटा

गोदातीर, आपल्या प्रतिसादाने धाग्याला खरी जमीन मिळाली. एर्मिताजच्या नियमांनुसार रेड वाइनसाठी हेक्टरी ४० हेक्टोलिटर, म्हणजे ४,००० लिटर, ही मूळ मर्यादा आहे. द्राक्षांच्या वजनात सांगायचे तर एकरी साधारण दोन टन. जुन्या वेलींच्या तुकड्यांतून तेवढेही निघत नाही. तोडणी पूर्णपणे हातानेच होते.

खुंटाविषयी सांगायचे तर जवळजवळ सगळीकडे कलमच आहे. फायलोक्सेरा ही मुळे खाणारी सूक्ष्म कीड अमेरिकेतून आली आणि १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये तिचा पहिला प्रादुर्भाव ऱ्होनच्याच दक्षिण खोऱ्यात आढळला. १८६८ मध्ये प्लांशाँ या माँपेलिएच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मुळांवर ती प्रत्यक्ष पाहिली. औषधे, पाणी भरून ठेवणे, सर्व उपाय करून झाले आणि अखेर इलाज सापडला तो अमेरिकन जातींच्या खुंटावर युरोपीय डोळा बांधण्याचा. आज आपल्या बागांत क्षार आणि पाण्याची टंचाई सोसण्यासाठी जो डॉगरिज खुंट वापरतात तोही अमेरिकन वंशाचाच आहे. कारण निराळे, पण युक्ती तीच.

मधुरा_डोंबिवली

लेख सुरेख आहे, परंतु माझा एक प्रांजळ प्रश्न आहे. सिरा किंवा शिराझ चाखताना प्रत्येक जण काळ्या मिरीचा वास येतो असे सांगतो. मी अनेकदा लक्षपूर्वक वास घेतला आहे. फळे, धूर, चामडे हे सर्व मला जाणवते, पण मिरी कधीही नाही. सगळे म्हणतात म्हणून हो म्हणणे मला पटत नाही.

रसशाळा

मधुराताई, तुम्ही हो म्हटले नाही हे उत्तम केले, कारण यात तुमच्या लक्ष देण्याचा काहीही दोष नसावा. मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. हा वास ज्या रेणूमुळे येतो त्याचे नाव रोटंडोन. ऑस्ट्रेलियातील वाइन संशोधन संस्थेने शिराझमधील मिरीच्या वासामागे तोच आहे हे २००८ मध्ये प्रसिद्ध केले, आणि खऱ्या काळ्या मिरीचा वासही मुख्यतः त्याचाच असल्याचे दाखवले. रेड वाइनमध्ये लिटरमागे अवघे १६ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) असले तरी सामान्य नाकाला तो कळतो. परंतु त्याच अभ्यासात सुमारे पाचव्या हिश्शाच्या लोकांना त्याच्या कित्येक पट तीव्र द्रावणातही तो जाणवला नाही. ही जन्मजात ठेवण असावी. एकाच टेबलावरच्या दोन माणसांना एकाच बाटलीतली वाइन दोन निराळ्या वाइन वाटू शकतात, आणि दोघेही खरेच बोलत असतात.

आपल्यासाठी यात आणखी एक जवळची गोष्ट आहे. हा रेणू सर्वप्रथम सापडला तो सायपेरस रोटंडस या वनस्पतीच्या कंदांत, म्हणजे दिवाळीच्या उटण्यात घालतात त्या नागरमोथ्यात. थंड हवेत पिकलेल्या सिरामध्ये त्याचे प्रमाण अधिक असते.

मुरण्याविषयीही एक भर घालतो. तरुण वाइनमध्ये जांभळा रंग देणारी अँथोसायनिन आणि तुरटपणा देणारी टॅनिन ही सुटी सुटी असतात. बुचातून झिरपणाऱ्या अत्यल्प प्राणवायूच्या साथीने ती वर्षानुवर्षे एकमेकांना जोडली जातात, रंग विटकरीकडे झुकतो, आणि फार मोठे झालेले रेणू विरघळलेले राहू न शकल्याने गाळ बनून तळाशी बसतात. धागालेखकांच्या स्नेह्यांनी सुरईत न ओतलेली काळपट रेघ म्हणजे पंचवीस-तीस वर्षांचा जुना रंग आणि जुना तुरटपणा. म्हणूनच ज्या वाइनमध्ये सुरुवातीला टॅनिन आणि आम्लता पुरेशी नसते ती कितीही जपली तरी मुरत नाही, नुसती म्हातारी होते.

पश्चिमवारा

लेखातील माहितीबद्दल आदर आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. जुन्या रेड वाइनचे शिखर म्हणजे बोर्डोतील मेदोक. काबर्ने सोव्हिन्यों, मेर्लो आणि काबर्ने फ्रँ यांच्या मिश्रणात जो तोल आणि बारकावा येतो तो एकाच जातीच्या द्राक्षातून येणे कठीण आहे. तुम्हीच सांगितलेली मिश्रणाची प्रथा पाहिली तर एर्मिताज ही दुसऱ्याच्या वाइनला ताकद देण्यासाठी वापरली जाणारी वाइन होती, असाही अर्थ निघतो.

सह्यवाटा

पश्चिमवारा, मेदोकच्या थोरवीविषयी वादच नाही. पण त्या प्रथेचा मला लागणारा अर्थ वेगळा आहे. बोर्डोच्या व्यापाऱ्यांना ज्या वर्षी आपली वाइन अशक्त वाटे, त्या वर्षी ते एवढ्या लांबून, पिंपे वाहून आणण्याचा खर्च सोसून एर्मिताज मागवीत, आणि मिश्रण लपवण्याऐवजी नाव सांगून चढ्या भावाने विकत. दुय्यम वाइनसाठी कुणी एवढे करीत नाही. राहिला प्रश्न एकाच जातीचा. या टेकडीवर मिश्रण द्राक्षांचे होत नाही, जमिनींचे होते. नियम १५ टक्क्यांपर्यंत मार्सान आणि रूसान ही पांढरी द्राक्षे घालण्यास मुभा देतात, तरी बहुतेक उत्पादक रेड वाइनसाठी सिराच वापरतात, कारण बेसार आणि मेआल यांच्यातला फरक त्यांना पुरेसा वाटतो. तुमचा 'बारकावा' हा शब्द मी त्या फरकासाठी निःसंकोच वापरेन.

अनिकेत_ठाणे

मला भेट म्हणून २०१५ सालची बाटली मिळाली आहे, तिच्यावर क्रोझ-एर्मिताज असे लिहिलेले आहे. ती स्वयंपाकघरातील वरच्या फळीवर उभी ठेवलेली आहे. हा धागा वाचून ती आणखी पंधरा वर्षे ठेवावी असे वाटू लागले आहे. योग्य ठरेल का? आणि उघडायची तर सोबत काय खावे?

सह्यवाटा

अनिकेत, कृपया ठेवू नका, ती लवकरच उघडा. क्रोझ-एर्मिताज म्हणजे टेकडीच्या सभोवतालचा, तिच्या कितीतरी पट मोठा आणि बराचसा सपाट प्रदेश. द्राक्ष तेच, पण वाइन बहुतांशी पाच ते दहा वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते, आणि २०१५ हा तिथला उत्तम हंगाम होता. आपली बाटली उत्तम उत्पादकाची असली तरीही आता तिची वेळ झालेली आहे.

शिवाय ठाण्याच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरातील वरची फळी ही वाइनसाठी घरातील सर्वांत वाईट जागा आहे. दीर्घकाळ ठेवायची वाइन १२ ते १४ अंशांच्या स्थिर तापमानात, अंधारात आणि आडवी ठेवावी लागते, म्हणजे बूच ओले राहून आकसत नाही. आपल्या हवेत हे वाइनसाठीच्या खास कपाटाशिवाय साधत नाही. नेहमीचा फ्रिज काही आठवड्यांसाठी चालतो. वर्षानुवर्षे ठेवले तर त्यातली कोरडी हवा बूच सुकवते. खरी एर्मिताज ठेवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे की बाटलीत भरल्यानंतर काही वर्षांनी ती अनेकदा मिटून जाते, वास देत नाही आणि तुरटपणाच पुढे करते. अशा वेळी ती बिघडली असे समजून टाकून देऊ नये, आणखी काही वर्षे थांबावे.

उघडण्याआधी बाटली तासभर फ्रिजमध्ये ठेवा आणि साधारण १६ ते १८ अंशांवर प्या, कारण आपल्याकडे 'खोलीचे तापमान' म्हणजे तीस अंश. तिखटजाळ रस्सा सोबत नको, कारण मिरचीपुढे जुन्या वाइनचा तुरटपणा आणि आम्लता दोन्ही बोचरे लागतात आणि वास हरवतो. बोकडाचे मटण घेणार असाल तर आले-लसूण, मिरपूड आणि कांदा एवढ्यावरच मंद आचेवर शिजवा, ओले खोबरे किंवा चिंच घालू नका. मटण चालत नसेल तर तुपावर परतलेल्या अळंबीसोबतही ती छान लागते.